धुऊन जाणाऱ्या वस्तूंची परीक्षा पाण्यात हवी

हवाई राज्याने २०१८ मध्ये एक कायदा केला. प्रवाळांना अपाय होतो म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही अतिनील किरण रोखणारी दोन रसायनं असलेलं सनस्क्रीन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा. १ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी प्रशांत महासागरातल्या पलाऊ या चिमुकल्या देशाने दहा रसायनांवर बंदी आणली होती. २०२१ मध्ये थायलंडने आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत चार रसायनांची सनस्क्रीन आणायलाच मनाई केली. बातम्या जगभर गेल्या. सुट्टीवर निघालेली माणसं ट्यूब उलटून मागची बारीक अक्षरं वाचू लागली, आणि कंपन्यांनी पुढच्या बाजूला प्रवाळांची रंगीत चित्रं छापायला घेतली.

या कायद्यांना माझा विरोध नाही. पण त्यांच्यामुळे चर्चा भलतीकडेच जाऊन बसली. समुद्रात उतरताना अंगाला काय लावावं, हा प्रश्न ग्राहकाच्या गळ्यात पडला. खरा प्रश्न त्याच्या पुष्कळ आधीचा आहे. वापरल्यावर ही वस्तू धुऊन जाणार, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. मग ती विकायला येण्याआधी पाण्यातल्या जिवांवर तपासून का पाहिली जात नाही? आणि नंतर पाणी स्वच्छ करायचा खर्च तिच्या नफ्यातून का निघत नाही?

समुद्रात पोहोचायला या रसायनांना दोन वाटा आहेत. पहिली थेट, पोहणाऱ्याच्या अंगावरून. ती दिसते. गजबजलेल्या किनाऱ्यालगत पाण्यावर तेलकट तवंग येतो तोही दिसतो, म्हणून सगळा राग तिच्यावर निघतो. दुसरी वाट न्हाणीघराच्या जाळीतून जाते. तिला हंगाम नाही. शाम्पू, साबण, टूथपेस्ट, डिओडरंट, केसांचा रंग, चेहऱ्याचं क्रीम, सगळं रोज थोडं थोडं, कोट्यवधी घरांतून. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००३-०४ मध्ये देशभरातल्या अडीच हजारांवर लोकांची लघवी तपासली, तेव्हा ९६.८ टक्के नमुन्यांत ऑक्सिबेन्झोन सापडलं. हे सगळे काही समुद्रावरून परतले नव्हते. ऑक्सिबेन्झोन सनस्क्रीनखेरीज इतरही प्रसाधनांत असतं, उन्हाने रंग उडू नये म्हणून प्लास्टिकमध्येही घालतात. ते कातडीतून रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांतून संडासात. किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटर आत राहणारा, समुद्र कधी न पाहिलेला माणूसही आपला वाटा समुद्राला पोहोचवत असतो.

मधे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असतं ना, असं कोणी म्हणेल. असतं, पण सगळीकडे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातल्या सुमारे ४४ टक्के घरगुती सांडपाण्यावर सुरक्षित म्हणावी अशी प्रक्रिया झालीच नाही. जिथे केंद्र आहे तिथेही त्याची आखणी मैल्यातला सेंद्रिय भाग कुजवणं, नायट्रोजन आणि फॉस्फरस कमी करणं, रोगजंतू घटवणं यासाठी झालेली असते. टाकीतल्या जिवाणूंना जे पचतं ते पचतं. सुगंधी द्रव्यांसारखी तेलकट रसायनं बरीचशी गाळाला चिकटतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात पसरला की पावसाबरोबर त्यातली काही पुन्हा वाटेला लागतात. उरलेलं नदीत, नदीतून खाडीत.

१९९९ मध्ये ख्रिश्चन डॉटन आणि थॉमस टर्नेस यांनी एका दीर्घ लेखात औषधं आणि प्रसाधनं या दोहोंना एकत्र घेऊन पाण्याच्या प्रदूषणाचा एक नवा वर्ग म्हणून मांडलं. त्यांचा एक मुद्दा अजूनही नीट पचनी पडलेला नाही. एखादं रसायन पाण्यात काही दिवसांत विघटित होतं म्हणून ते निरुपद्रवी, असा हिशेब कीटकनाशकांच्या बाबतीत निदान समजण्यासारखा आहे, कारण ती हंगामात फवारली जातात. प्रसाधनांचा पुरवठा अखंड आहे. जेवढं नाहीसं होतं तेवढं रोज सकाळी पुन्हा येतं. खाडीतल्या माशाच्या दृष्टीने ते रसायन कधी गेलेलंच नसतं.

आता एक शिंपला जरा जवळून पाहू. खडकांना दोरे काढून चिकटून राहणारे काळे शिंपले दिवसभर पाणी आत ओढतात, कल्ल्यांतून गाळतात आणि बाहेर सोडतात. पाण्याबरोबर नको ते पदार्थही आत येणारच. म्हणून कल्ल्यांतल्या पेशींच्या आवरणात प्रथिनांचे पंप असतात. होडीत शिरलेलं पाणी उपसून टाकावं तसे ते घुसखोर रेणू पकडून बाहेर टाकतात. कोणता रेणू ओळखीचा, कोणता परका, याची फार चिकित्सा ते करत नाहीत, आणि त्यातच त्यांचं सामर्थ्य आहे. कालपर्यंत निसर्गात नसलेला पदार्थही ते उपसू शकतात.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टिल लुकेनबाख आणि डेव्हिड एपेल यांनी या शिंपल्यांचे कल्ले कृत्रिम कस्तुरीच्या द्रावणात ठेवले. साबण, शाम्पू, अत्तरं यांत जो मंद, टिकून राहणारा वास असतो, तो पुष्कळदा या कृत्रिम कस्तुरीचा. नंतर त्यांनी कल्ल्यांना एक चमकणारा रंग दिला. निरोगी पेशी तो रंग लगेच बाहेर टाकतात. कस्तुरीत राहिलेल्या पेशींमध्ये तो साठत गेला, म्हणजे पंप अडले होते. कस्तुरीचं द्रावण काढून कल्ले स्वच्छ पाण्यात ठेवल्यावरही एक-दोन दिवस पंप पूर्ववत झाले नाहीत. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली मात्रा खुल्या समुद्रात सहसा आढळते तिच्यापेक्षा जास्त होती, हे सांगायला हवं. पण प्रयोगाने दाखवलेली गोष्ट मात्रेच्या पलीकडची आहे. कस्तुरीने शिंपला मेला नाही. नेहमीच्या विषचाचणीत, जिथे अमुक तासांत किती जीव मेले एवढंच मोजतात, ही कस्तुरी ठाकठीक ठरली असती. तिने एवढंच केलं, की इतर विषांना दार उघडं ठेवलं. आणि नदीमुखाशी जगणाऱ्या शिंपल्याच्या वाट्याला कधीच एकटं एक रसायन येत नाही.

रासायनिक सुरक्षेचं सगळं शास्त्र मात्र एकेका रसायनाचा स्वतंत्र विचार करत आलेलं आहे. ही त्या शास्त्राची अडचण आहे, शिंपल्याची नाही.

मोठ्या प्राण्यांपर्यंतही हे पोहोचलं आहे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या डॉल्फिनांच्या रक्तात ट्रायक्लोसान हे साबणातलं जंतुनाशक सापडल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या फ्रान्सिस्काना जातीच्या डॉल्फिनांची यकृतं तपासली गेली. ५६ पैकी २१ नमुन्यांत ऑक्टोक्रिलिन होतं. ऑक्टोक्रिलिन हेही सनस्क्रीनमधलंच रसायन, आणि ऑक्सिबेन्झोनचं नाव खराब झाल्यावर अनेक उत्पादकांचा भार त्याच्यावर आला.

प्रवाळांचं प्रकरण मात्र जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि त्यात पर्यावरणवाद्यांनीही थोडी घाई केली असं मला वाटतं. क्रेग डाउन्स आणि सहकाऱ्यांच्या ज्या संशोधनाने हवाईच्या कायद्याला बळ दिलं, त्यात ऑक्सिबेन्झोनमुळे प्रवाळांच्या पोहणाऱ्या अळ्या विकृत होतात, त्यांच्या डीएनएला इजा होते, असं दिसलं. त्याच अभ्यासात हवाईच्या पाण्यात लीटरमागे १९ मायक्रोग्रॅमपर्यंत ऑक्सिबेन्झोन नोंदलं गेलं होतं. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने हवाईच्याच किनाऱ्यांवर मोजलं तेव्हा सर्वांत मोठा आकडा १३६ नॅनोग्रॅम निघाला, म्हणजे शंभराहून अधिक पटींनी कमी. जागा वेगळी, वेळ वेगळी, लाट वेगळी. पण एवढी तफावत असताना छातीठोकपणे बोलणं अवघड होतं. उद्योगांनी अर्थातच ही फट हेरली.

मग २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून एक प्रयोग आला, आणि माझ्या मते या सगळ्या वादातली ती सर्वांत शिकवणारी गोष्ट आहे. प्रवाळांची नातलग असलेली समुद्रफुलं घेतली. काहींना ऑक्सिबेन्झोन आणि सूर्यासारखा प्रकाश असं दोन्ही दिलं, काहींना दोहोंपैकी एकच. नुसतं ऑक्सिबेन्झोन मिळालेली जगली. नुसता प्रकाश मिळालेली जगली. दोन्ही मिळालेली १७ दिवसांत सगळी मेली. आता हे चमत्कारिकच म्हणायचं, कारण ऑक्सिबेन्झोनचं कामच मुळी अतिनील किरण शोषून त्यांची ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेत बदलण्याचं. माणसाच्या कातडीवर ते तेच करतं. पण समुद्रफुलाच्या शरीरात गेल्यावर तो जीव आपल्या सवयीप्रमाणे त्या रेणूला साखरेचा एक रेणू जोडतो, कारण परका पदार्थ पाण्यात विरघळणारा करून बाहेर टाकायची ही जुनी, विश्वासू रीत आहे. नेमकी ही साखर त्याच जागी बसते जिथून ऑक्सिबेन्झोन आपली ऊर्जा सोडून देतं. ती वाट बंद झाली की उन्हाचं रक्षण करणारा रेणू उन्हातच पेशींना जाळू लागतो.

याच प्रयोगात आणखी एक धागा होता. समुद्रफुलं आणि प्रवाळ यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यांना अन्न आणि रंग देतं. हे विषारी झालेले रेणू बरेचसे त्या शैवालात साठले होते. शैवाल नसलेली समुद्रफुलं लवकर मेली. पाणी तापलं की प्रवाळ हेच शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. म्हणजे उष्णतेने आधीच खचलेल्या प्रवाळाची ढाल गेलेली असते, आणि त्याच वेळी हे रसायन त्याला जास्त लागतं.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. प्रवाळ मरतात ते समुद्र तापल्यामुळे, तेव्हा सनस्क्रीनचं काय घेऊन बसलात? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक विरंजनात, म्हणजे जगभर प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनेत, २०२५ च्या वसंतापर्यंतच्या हिशेबाने, जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला पांढरं पडण्याइतका ताप बसला. त्यात सनस्क्रीनचा हात नव्हता. पर्यटकाची ट्यूब बदलून प्रवाळ वाचतील असं जो सांगतो तो एक तर भोळा आहे, नाही तर नवी ट्यूब विकतो आहे. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग तर्काला धरून नाही. जीव एका संकटाने जेरीला आला आहे, हे त्याला दुसरं संकट देण्याचं समर्थन होऊ शकत नाही, आणि स्टॅनफर्डच्या प्रयोगात तर दोन संकटांचा एकमेकांशी संबंधच दिसला. शिवाय किनारी पाणी म्हणजे केवळ प्रवाळ नव्हे. शिंपले, शैवाल, कोळंबीची पिल्लं, खाडीत अंडी घालणारे मासे यांच्या छायाचित्रांवर पर्यटन चालत नाही, म्हणून त्यांच्या नावाने कायदे होत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २०२२ मध्ये जगात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ३० हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ६० हजार माणसं त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. गोऱ्या कातडीच्या माणसाला सनस्क्रीन ही चैन नाही. भीतीपोटी लोकांनी ती टाकून दिली तर नुकसान खरं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ च्या अहवालात हे दोन्ही सांगितलं: पर्यावरण खात्याने अतिनील रोखणाऱ्या सर्व रसायनांचं जलचरांच्या दृष्टीने जोखीम-मूल्यांकन करावं, आणि लोकांनी वापर घटवला तर आरोग्यावर काय परिणाम होईल तेही पाहावं. मला यातून उलटाच निष्कर्ष काढावासा वाटतो. एखादी वस्तू जितकी गरजेची, तितकी तिची पाण्यातली तपासणी आधी आणि कडक व्हायला हवी, म्हणजे माणसाला आपली कातडी की समुद्रातला जीव, अशी निवड करायची पाळी येणार नाही.

ही तपासणी आज का होत नाही? कारण प्रसाधनांचे कायदे माणसासाठी लिहिलेले आहेत. पुरळ येतं का, डोळे चुरचुरतात का, गर्भावर परिणाम होतो का, हे ते विचारतात. युरोपचा २००९ चा प्रसाधन कायदा तर प्रस्तावनेतच सांगून टाकतो, की पर्यावरणाचे प्रश्न रसायनांच्या सर्वसाधारण कायद्याखाली पाहिले जातील. त्या सर्वसाधारण कायद्यात उत्पादकाने द्यायची माहिती वर्षाकाठी किती टन माल बनतो यावर ठरते. माल कमी, तर प्रश्नही कमी. शिवाय ठरावीक चाचण्या मुख्यतः गोड्या पाण्यातल्या पिसवा, शैवाल आणि मासे यांच्यावर होतात. समुद्रासाठी त्याच आकड्यांना एका सुरक्षा-गुणकाने भागतात आणि पुढे जातात.

याचा परिणाम पाहायचा तर ट्रायक्लोसानकडे पाहावं. १९६० च्या दशकात आलेलं हे जंतुनाशक आधी इस्पितळांत वापरात होतं. मग हात धुण्याच्या साबणात, टूथपेस्टमध्ये, काही काळ तर चॉपिंग बोर्डात आणि मोज्यांतही ते घुसलं. पाण्यात गेल्यावर शैवालाला ते फार थोड्या मात्रेत बाधतं, आणि सूर्यप्रकाशात त्याचा काही भाग डायॉक्सिन या विषारी रसायनांच्या गटातल्या एका प्रकारात बदलतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मिसिसिपी नदीवरच्या लेक पेपिनच्या तळाचा गाळ थरांथरांनी वाचला. त्या अभ्यासाआधीच्या तीस वर्षांत बाकीची डायॉक्सिनं ७३ ते ९० टक्के घटली होती. ट्रायक्लोसानपासून होणारी मात्र २०० ते ३०० टक्के वाढली होती.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने या साबणांबद्दलचा पहिला मसुदा १९७८ मध्ये काढला. शेवटचा निर्णय २०१६ मध्ये आला. अडतीस वर्षं. आणि बंदीचं कारण काय? पाणी नव्हे, शैवाल नव्हे, डायॉक्सिन नव्हे. साध्या साबण-पाण्यापेक्षा हे जास्त परिणामकारक आहे आणि रोज वापरायला सुरक्षित आहे, हे उत्पादकांना सिद्ध करता आलं नाही, हे कारण. म्हणजे चार दशकं आपण नद्यांमध्ये एक जंतुनाशक सोडत होतो, ज्याचा घरगुती साबणात काही उपयोग आहे याचाच पुरावा नव्हता. युरोपात त्याच वर्षी आणखी गमतीची गोष्ट झाली. हाताच्या स्वच्छतेसाठीचं जंतुनाशक म्हणून ट्रायक्लोसानला मान्यता नाकारली गेली, आणि कारणांत नद्या-तळ्यांच्या पाण्याला असलेला धोका स्पष्ट नोंदवला गेला. पण प्रसाधनातलं परिरक्षक म्हणून ०.३ टक्क्यांपर्यंत तेच रसायन चालू राहिलं. एका कायद्याच्या चौकटीत पाण्याला घातक, दुसरीत चालण्यासारखं. पाणी दोन्हीकडे तेच.

एकेक रसायन हेरून बंदी घालण्यातली दुसरी अडचण म्हणजे बदली कामगार. ट्रायक्लोसान गेलं, त्याच्या जागी साबणांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड आलं, आणि जलचरांना तेही विषारीच आहे. ऑक्सिबेन्झोनच्या जागी ऑक्टोक्रिलिन आलं, त्याचं वर सांगितलंच. ‘खनिज’ म्हणून मिरवणाऱ्या सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं. २०१८ च्या एका अभ्यासात आवरण नसलेल्या झिंक ऑक्साइडच्या कणांनी प्रवाळ वेगाने पांढरे पडले, तर आवरण दिलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा त्रास त्यामानाने खूपच कमी होता. तरीही ट्यूबवर ‘रीफ-सेफ’, म्हणजे प्रवाळांना सुरक्षित, असं छापायला कोणी अडवत नाही. अमेरिकेत या शब्दांना कायद्याने ठरवून दिलेला अर्थच नाही. ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडलेलं लेबल कोणत्या बाजूला झुकेल, हे वेगळं सांगायला नको.

सूक्ष्म प्लास्टिकमण्यांच्या बाबतीत कायदा भराभर झाला, हे उदाहरण नेहमी यश म्हणून दिलं जातं. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात चेहरा घासण्याच्या क्रीमच्या एका वापरात ४,५९४ ते ९४,५०० मणी सुटू शकतात असं दिसलं, त्याच वर्षी अमेरिकेने बंदीचा कायदा केला, २०१८ मध्ये ब्रिटनने. पण तिथे मणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येत होते, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा पर्यायाला तयार होता, आणि कंपन्यांचं फारसं बिघडणार नव्हतं. विरघळलेल्या रेणूचा फोटो काढता येत नाही.

मग काय करावं? प्रसाधनाच्या प्रत्येक नव्या घटकाला विक्रीआधी पाण्याची परीक्षा असावी, आणि ती टनांच्या हिशेबावर नव्हे, तर त्याचा किती भाग निचऱ्यात जाणार यावर ठरावी. शिंपल्यांच्या भ्रूणांवरच्या प्रमाणित चाचण्या आहेत, समुद्री अर्चिनच्याही आहेत. दोन-तीन दिवसांत निकाल देणाऱ्या. प्रवाळांसाठी सर्वमान्य चाचणी अजून नाही, ती तयार करायला पैसा द्यावा. सूर्यप्रकाशात मुद्दाम वेगळी चाचणी हवीच, समुद्रफुलांनी ते शिकवलं आहे. आधीपासून बाजारात असलेल्या घटकांना ठरावीक मुदत द्यावी: माहिती आणा, नाही तर बाहेर व्हा. युरोपचा रसायन कायदा ‘माहिती नाही तर बाजार नाही’ हे तत्त्व कागदावर मानतोच.

सुगंधी द्रव्यांबाबत माझा आग्रह जरा जास्त आहे. घटकांच्या यादीत डझनावारी रेणू ‘परफ्यूम’ या एका शब्दाआड दडतात. माणसाला ॲलर्जी देणारे काही रेणू तेवढे आता नावानिशी सांगावे लागतात. शिंपल्याच्या पंपांना अडवणारे नाहीत. सूत्र हे व्यापारी गुपित आहे, हे मान्य. पण ते नियामकापासून आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेपासूनही गुपित ठेवायचं काय कारण? काय शोधायचं हेच माहीत नसेल तर प्रयोगशाळा पाण्यात काय शोधणार?

आणि पैसा. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांवर अशी सूक्ष्म प्रदूषकं काढण्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळशाची जादा पायरी बसवायला सुरुवात केली. त्यासाठी केंद्राला जोडलेल्या दर रहिवाशामागे वर्षाला ९ फ्रँक घेतले जातात. योजना चांगली, पण बिल वापरणाऱ्याच्या नावावर. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ मध्ये अमलात आलेल्या निर्देशात ते फिरवलं: या जादा पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि प्रसाधन उत्पादकांनी द्यायचा. दोन्ही उद्योगांच्या संघटना लगेच न्यायालयात गेल्या. सांडपाण्यात सूक्ष्म प्रदूषण करणारे आम्हीच दोघे नाही, आमचा वाटा फुगवून दाखवला आहे, असं त्यांचं म्हणणं. वाटा किती हे जरूर मोजावं, रंग-डिटर्जंटवाल्यांनाही बोलवावं. मात्र ज्या उद्योगाने इतकी वर्षं हा वाटा स्वतःहून मोजलाच नाही, त्याने आता मोजणी अपुरी असल्याची तक्रार करावी, हे जरा अतीच झालं.

औषधांना इथे थोडी सवलत द्यायला मी तयार आहे. रुग्णाला गोळी बदलून मागता येत नाही, आणि औषध महाग झालं तर कोणाचा तरी उपचार थांबतो. शाम्पूच्या वासाला ही सबब लागू नाही. वास बदलता येतो, बहुधा एका वर्षात बदलता येतो, फॅशन म्हणून कंपन्या तो बदलतच असतात.

अर्थात ओझोनची टाकी श्रीमंत देशांनाच परवडते, आणि पोहणाऱ्याच्या अंगावरून सुटलेल्या रसायनाच्या वाटेत कोणतीच टाकी येत नाही. म्हणून शुद्धीकरणाच्या पैशापेक्षा विक्रीआधीची परीक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. एका मोठ्या बाजारपेठेने ती लागू केली तरी पुरेसं होईल; मोठ्या कंपन्या एकाच क्रीमची दोन सूत्रं फार काळ सांभाळत नाहीत, आणि सुधारलेलं सूत्र जिथे शुद्धीकरण केंद्रच नाही अशा खाडीपर्यंतही पोहोचतं.

तोवर उन्हात जाणाऱ्याने काय करावं, असं विचारलं तर उत्तर साधं आहे: लांब बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, टोपी आणि दुपारी सावली. त्याने सनस्क्रीन लावायचं अंग निम्म्याहून कमी होतं. उरलेल्या अंगाला बिनदिक्कत लावावं, आणि ट्यूबवरच्या प्रवाळाच्या चित्रासाठी जादा पैसे मोजू नयेत.